चुकीच्या गल्ल्यांचा व्यंकट

व्यंकटला जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याचा पत्ता विचारत माणसं अजून लोहाऱ्यात उतरतात. मागच्या पंधरवड्यात एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, हातात फोन आणि एवढ्या उन्हात डोक्यावर काही नाही. जीपवाल्यानं तिला थेट माझ्या दवाखान्याशी आणून सोडलं, कारण लोहाऱ्यात 'गेम बनवणारे व्यंकटराव' म्हटलं तर कुणाला कळत नाही, 'ढोराच्या डॉक्टरचा दोस्त' म्हटलं की लगेच कळतं. मी तेव्हा एका अडलेल्या म्हशीशी झगडत होतो. पोरीनं तोंड फिरवलं, पण गेली नाही. माझे हात धुऊन झाल्यावर म्हणाली, "सर, आमच्याकडे नवा गेम तपासताना सगळे एकमेकांना विचारतात, इथं पाणी ठेवलंय का? व्यंकट सरांची पद्धत आहे म्हणतात. पण पाणी ठेवणं म्हणजे नेमकं काय, ते कुणालाच धड सांगता येत नाही."

मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. माणूस गेला आणि त्याचा शब्द पुण्यातल्या गार खोल्यांमधून फिरतो आहे, त्याचा अर्थ मात्र इथंच राहिला. तिला मी जमेल तेवढं सांगितलं. ती गेल्यावर वाटलं, नीट बसून लिहून काढावं.

व्यंकट माझा लहानपणापासूनचा दोस्त. उंच, काटकुळा, मान जरा पुढं काढून चालणारा. खिशात कायम खडू. गेम डिझायनर म्हणजे काय, हे गावाला समजावणं त्याला आयुष्यभर जमलं नाही. माझी आई त्याला तोंडावर विचारायची, "पोरांना नादी लावायचा कारखाना काढलास म्हणं?" तो हसायचा आणि म्हणायचा, "व्हय काकू, तुम्हालाबी लावतो की." आणि खरंच तिच्या हातात फोन द्यायचा.

द्यायचा आणि काही सांगायचा नाही. ही त्याची कामाची रीत. नवा खेळ आधी तो जमिनीवर खडूनं आखायचा, गल्ल्या, कोपरे, दारं. मग पोरांना नव्हे, बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसलेल्या मोठ्या माणसांना त्यावरून चालवायचा. फोनवर उतरवल्यावर पुन्हा तेच. चहाच्या हॉटेलात कुणाच्याही हातात फोन द्यायचा आणि स्वतः त्याच्या मागं, गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसायचा. समोरचा वैतागायचा, "अहो, आता कुठं जायचं?" व्यंकट गप्प. मी मध्ये बोललो की माझ्यावर डाफरायचा. "सांगू नको. सांगितलं की खेळ मेला." मी विचारलं, त्यांची तोंडं दिसत नाहीत तर तुला कळतं काय? म्हणाला, "तोंड खोटं बोलतं. हात बघायचे. माणूस घाबरला की अंगठा थांबतो."

पाणी ठेवणं कळायचं तर मात्र आमचं लोहाऱ्याजवळचं गाव कळावं लागतं. आमचं जुनं गाव भूकंपात पडलं. माळवदाची दगडमातीची घरं होती, ती झोपलेल्या माणसांवर बसली. व्यंकट तेव्हा सोलापूरला तंत्रनिकेतनात शिकत होता. तो गावात पोचला तोवर त्याच्या आईला आणि धाकट्या बहिणीला इतरांबरोबर अग्नी देऊन झाला होता, पावसात, मिळेल त्या लाकडावर. त्याला राख दाखवली आणि यातच त्या दोघी आहेत म्हणून सांगितलं. वाचले ते फक्त वडील, आण्णा. शेतात राखणीला गेले होते म्हणून.

मग माळावर नवं गाव बसलं. सरळ रस्ते, सारखी घरं, सारखी दारं, रंगसुद्धा एकच. नकाशावर देखणं दिसत असणार. पण जुन्या गावात डोळे मिटून फिरणारी माणसं इथं भर दिवसा चुकायला लागली. एकदा आण्णा शेतातून आले ते सरळ आमच्या घरात शिरले, पटका खुंटीला अडकवला आणि भिंतीला टेकून म्हणाले, "पाणी आण गं." त्यांच्या घरात पाणी आणायला बाई उरलीच नव्हती. मी तोंड उघडणार, तर माझ्या आईनं असं बघितलं की मी गप्पच झालो. तिनं तांब्या दिला. चहा टाकला. आण्णांनी चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले. मग व्यंकट हुडकत आला, "आण्णा, चला, म्हस बांधायची हाय" म्हणाला आणि त्यांना घेऊन गेला.

पुढं गावाची रीतच पडली ती. चुकून घरात आलेल्याला चुकलात म्हणायचं नाही. आधी पाणी द्यायचं, बसू द्यायचं, मग कुणीतरी सहज निघाल्यासारखं त्याला घरापर्यंत सोडायचं. कुणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं. प्रत्येक घरात कुणी ना कुणी कमी झालेलं, आणि चुकलात म्हटलं की ते सगळं उघडं पडायचं. त्यापेक्षा तांब्याभर पाणी बरं.

पुण्यात कंपनीत लागल्यावर व्यंकटनं जो पहिला नाव झालेला गेम केला तो हाच. बटणांच्या फोनवरचा, नाव 'चुकामूक'. सगळी घरं सारखी असलेलं गाव आणि त्यात आपलं घर शोधायचं. त्या काळच्या खेळांत रस्ता चुकला की भिंत यायची, नाहीतर जीव जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. व्यंकटच्या खेळात चुकीच्या गल्लीत शिरलं की तिथं काहीतरी असायचं. ओट्यावर झोपलेलं मांजर. कुणीतरी अर्धवट टाकलेली रांगोळी. एक म्हातारी, जी तांब्या पुढं करायची. त्याचे गुण मिळायचे नाहीत, पुढचा रस्ताही कळायचा नाही. फक्त घटकाभर थांबता यायचं. लोक मुद्दाम चुकायला लागले म्हणे. "चुकणं फुकट जाऊ द्यायचं न्हाय," एवढंच तो त्यावर म्हणायचा.

एक शेळ्या राखणारी रुक्मिणबाई होती, माकणीच्या बाजूची. तिचं लेकरू भूकंपात गेलेलं. खेळ तयार होत असताना सुटीवर आलेल्या व्यंकटनं तो तिच्या हातात दिला, तर ती घराकडं जाईचना. एका चुकीच्या गल्लीत बंद दारापुढं थांबून राहिली. खेळातल्या घड्याळात वेळ संपत आली, फोन टीं टीं वाजायला लागला. तिनं विचारलं, "हितं कुणी राहतं का बाबा?" व्यंकटनं बोलायचं नाही ही स्वतःचीच रीत मोडली आणि म्हणाला, "राहतं, मावशी." त्यानंतर त्यानं त्या खेळातलं घड्याळ काढून टाकलं आणि त्या दाराशेजारच्या खिडकीत दिवा लावला. पुढच्या कुठल्याच खेळात त्यानं घड्याळ ठेवलं नाही. कंपनीला ते परवडेना, पण तेव्हा त्याचं नाव होतं, चालून गेलं.

नाव असूनही चालून गेलं नाही ते जाहिरातीचं. फोन बदलले, मालक बदलले. नव्या साहेबांनी सांगितलं की माणूस चुकला की थांबतो, थांबला की जाहिरात बघतो, तर म्हातारीच्या जागी जाहिरात टाका. व्यंकट म्हणाला, "चुकून घरात आलेल्या माणसाला वस्तू विकायची?" आणि नोकरी सोडून शैलावहिनींसकट गावाला आला. मी त्याची टर उडवली. अरे, म्हातारीच्या हातात तांब्याऐवजी साबण दिला असतास, काय बिघडलं असतं? तो बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. वहिनींनी मात्र मला चहा पाजला. पुण्यातलं सगळं आवरून माळावर यायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं. पण एकदा आल्यावर त्यांनी व्यंकटला त्यावरून कधी टोचलं नाही.

इथूनच तो कंप्युटरवर पोरांना शिकवायचा. कुठकुठली पोरं, मराठीसुद्धा धड न येणारी, त्याला आपले खेळ दाखवायची. तो सगळं बघून एकच विचारायचा, "पाणी कुठं ठेवलंस?" पुण्यात आज जो शब्द फिरतो आहे तो तिथला.

आणि मग व्यंकटच चुकायला लागला.

आधी मला ती गंमत वाटली. माझ्या रोजच्या फाटकाशी थांबून त्यानं विचारलं, "तुझं घर हेच का रे?" मी म्हटलं, न्हाय, तहसील कचेरी हाय. दोघं हसलो. मग तो लोहाऱ्याहून येताना भलत्याच गावाच्या जीपमध्ये बसला. मग खेळाच्या आखणीत एकच कोपरा दोनदा काढायला लागला. वहिनी त्याला सोलापूरला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. इतक्या लवकर सहसा होत नाही म्हणाले. झाला की परतत नाही, हेही म्हणाले. पन्नाशी नुकती ओलांडलेला माणूस. ऐकून मला इतका राग आला की त्या दिवशी मी एका गड्याला उगाच झापलं.

व्यंकट शांत होता. त्याची मुलगी पुण्याहून म्हणत होती, इकडं या, इथं दवाखाने आहेत. तो म्हणाला, "तिथं मी चुकलो तर नुसताच हरवंन. हितं चुकलो तरी गावातच असंन की." त्याला एवढंच हवं होतं, आपल्या पायांनी गावात फिरणं आणि आपल्या पायांनी घरी येणं. जितके दिवस जमेल तितके दिवस. वहिनींना भीती होती ती धरणाच्या कालव्याची.

मग त्यानं त्याचा शेवटचा खेळ मांडला, गावातच. मी म्हटलं, कोपऱ्याकोपऱ्यावर पाट्या लावू. "वाचता येतंय तोवर पाटी. फुडं काय?" म्हणाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं एक फुटकं जातं आणून ठेवलं, बसता येईल असं. मारुतीच्या देवळाकडून वळायच्या जागी लिंबाच्या फांदीला रिकामे डबे टांगले, वाऱ्यानं वाजणारे. त्याच्या घराच्या कडेनं सगळीकडं गवती चहा लावला, चालताना हात लागला की वास यावा म्हणून. डोळ्यांचं विसरलं तर कानांना, कानांचं विसरलं तर नाकाला, असा त्याचा विचार. लोक हसायचे. तोही हसायचा आणि पुढचा डबा टांगायचा.

तपासायचा होता तो स्वतःवरच. रोज सकाळी तो निघायचा आणि मी मागं. "मागं राहायचं. चुकलो तरी बोलायचं न्हाय," असं त्यानं मला बजावलं होतं. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या मागं बसला, आता त्याच्या मागं मी. सोपं नव्हतं. तो देवळाशी उभा राहायचा, मान पुढं काढून, आणि त्याचा हात शर्टाच्या बटणाशी थांबायचा. घाबरलाय हे मला मागून कळायचं. ओठांवर शब्द यायचा, 'डावीकडं, व्यंकट', तो मी गिळायचो. मग वारा यायचा, डबे वाजायचे, आणि तो वळायचा. घरी पोचल्यावर वहिनींना म्हणायचा, "आलो बघा." असं ऋतू बदलेपर्यंत चाललं. तेवढे महिने त्यानं आजाराकडून हिसकावून घेतले, असं मला अजून वाटतं.

एका दुपारी तो अमोलच्या घरात शिरला. अमोल भूकंपानंतर जन्मलेला. घरात त्याची नवी बायको एकटी. व्यंकट आत जाऊन भिंतीला टेकून बसला. ती ओरडली. अमोल मागच्या गोठ्यातून धावत आला आणि त्यानं व्यंकटला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि एक मुस्काटात दिली. चष्मा फुटला. मी पोचलो तेव्हा व्यंकट रस्त्यावर उभा होता आणि अमोलला विचारत होता, "माझं काय चुकलं, ते सांगा की."

अमोलला मी लई शिव्या दिल्या. तोही पुढं वरमला, व्यंकटला असा आजार आहे हे ठाऊक नव्हतं म्हणाला. खोटं नसावं. मी घरी येऊन विचार करत बसलो. गावातली घरं आता सारखी राहिली नव्हती. कुणी वर मजला चढवला, कुणी गुलाबी रंग दिला, कुणी फरशी बसवली. वर्षानुवर्षं कुणी कुणाच्या घरात चुकून शिरलंच नव्हतं. चुकायचं बंद झालं, तशी ती रीतही गेली, आणि गेलेली कुणाला कळलीसुद्धा नाही. माझी आई असती तर तिला कळलं असतं.

वहिनींनी फाटकाला बाहेरून कडी लावून घेतली. व्यंकट दिवसभर फाटकाशी उभा राहायचा. मी आलो की आनंदानं म्हणायचा, "चला." मी काहीतरी कारण सांगून आत बसायचो. त्याच्या हातात त्याचाच जुना खेळ दिला तर अंगठा जिथल्या तिथं थांबून राहायचा. ते बघवायचं नाही, म्हणून मी फोन बाजूला ठेवायचो.

एक दिवस दूधवाला कडी लावायची विसरला. वहिनी न्हाणीतून बाहेर येतात तो फाटक उघडं. माणसं मोटरसायकली काढून आधी कालव्याकडं पळाली. मला मात्र का कोण जाणे, जुन्या गावाची वाट सुचली. तिथं आता काय आहे? बाभळी, घाणेरी, दगडांचे ढीग, बकऱ्या. गाडी लावली आणि लांबूनच तो दिसला.

तो चालत होता, आणि कसा चालत होता! मान ताठ, कुठं थांबणं नाही, चाचपणं नाही. जिथं गल्ली नाही तिथं गल्लीत वळत होता. एका जागी खाली वाकला, तिथं पाटलांच्या घराची कमान असायची, ती मलाही आठवली. मी त्याच्या मागून चाललो, न बोलता, ठरल्यासारखा. एका दगडाच्या ढिगाशी त्यानं चपला काढल्या, काट्यांत अनवाणी आत गेला, आणि बसला. मला पाहून म्हणाला, "ये की रे. आई आत्ता यील."

मीही चपला काढून बसलो. ऊन चढत होतं. त्याच्या पायातून रक्त येत होतं. मी म्हटलं, घरला जाऊ. तो म्हणाला, "घरीच तर आलोय." बोलण्यात जरासुद्धा शंका नव्हती, आणि तेवढा खूश मी त्याला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

तेवढ्यात अमोलच्या मोटरसायकलवर मागं बसून वहिनी आल्या. कालवा बघून आल्या होत्या. पदर सुटलेला, तोंड पांढरं पडलेलं. त्यांनी त्याला धरून उठवायला बघितलं, तो उठेना. "आई यील आता, जेवूनच जाऊ," म्हणाला. त्यांनी पुन्हा ओढलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, आई न्हाईत! गेल्या त्या! हितं कुणी न्हाय आता!"

व्यंकटनं त्यांच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला.

"कधी?" त्यानं विचारलं.

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. तो पुन्हा म्हणाला, "कधी गेली? मला कुणी सांगितलं न्हाय." आणि तो रडायला लागला. आज ऐकलेल्या बातमीला माणूस रडतो तसा, कपाळ बडवून, आईला हाका मारत. तेव्हा, खरोखरच्या वेळी, तो असा रडला नव्हता. राख बघून नुसता उभा राहिला होता. त्यानंतर एवढ्या वर्षांत त्याच्या डोळ्यांत पाणी मी पाहिलं नव्हतं.

शोधायला गेलेली माणसं एकेक करून येत गेली. सापडला म्हणून हाक मारत यायची आणि जवळ आली की गप्प व्हायची. कुणी काही सांगितलं नाही, पण एकेकानं चपला काढल्या आणि त्या दगडांवर बसून घेतलं, मयताच्या घरी बसतात तसं. अमोलही बसला, सगळ्यांच्या मागं, मान खाली घालून. नुसतं व्यंकटचं रडणं आणि बाभळीतला वारा. मीही रडलो, आणि कुणासाठी ते मला सांगता येणार नाही.

पुष्कळ वेळानं तो थांबला. बाहीनं डोळे पुसले, बसलेल्या माणसांकडं पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "आण्णांना सांगितलं का कुणी?"

आण्णांना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली होती. सगळ्यांनी वहिनींकडं बघितलं. त्यांनी पदर खोचला, त्याच्या चपला उचलून त्याच्या पायांपुढं ठेवल्या.

"न्हाय अजून," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच सांगावं लागंल. घरी वाट बघायलेत."

व्यंकट उठला, कपड्यांची कुसळं झटकली, आणि वहिनींचा हात धरून घराकडं चालायला लागला.